सगळ्या फायली आजच्याच

दोनशे बारा फायली आणि प्रत्येकीपुढे एकच तारीख: आजची. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. आजचीच.

वहिनी माझ्या खुर्चीमागे उभी होती. पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासते, मी कॉम्प्युटर सांभाळतो. एका विहिरीचा नापास अहवाल कोणीतरी गुपचूप पास करून ठेवला होता आणि साहेबांनी आळ वहिनीवर घातला होता. तिने तो अहवाल बुधवारी लिहिला. गुरुवारी ती रजेवर होती. फायलीतला शेवटचा बदल गुरुवारचा निघाला तर ती सुटली. नाहीतर आज चार वाजता साहेब निकाल देणार आणि तिची नोकरी जाणार.

"भाऊजी, त्या एका फायलीवर उजवं बटण दाबून तारीख बघा ना," ती सकाळीच म्हणाली होती.

"एकच कशाला? सगळ्यांची यादी काढतो. साहेबांची बोलतीच बंद!"

आणि मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला बसलो. फाइल उघड, विहिरीचं नाव टिप, फाइल बंद कर, तारीख लिही, पुढची घे. एकदा हुकूम दिला की यंत्र आपलं आपण करतं.

मी मॅक्रो पुन्हा चालवला. मघाशी तारखांपुढची वेळ अकरा बेचाळीस होती, आता अकरा एक्कावन्न. माझं डोकंच चालेना. घड्याळ बिघडलं? की आत्ता कोणी बसून फायली बदलतंय? मी उगाच खोलीभर नजर फिरवली.

"तुम्ही यादी काढली की फायलींची वेळ बदलते," वहिनी म्हणाली. "हा तुमचा मॅक्रोच काही करत नाही ना?"

मी एकेक ओळ वाचत गेलो. आमच्या अहवालावर वर आजची तारीख आपोआप पडते, म्हणून प्रत्येक फाइल बंद होताना 'बदल सेव्ह करू का?' विचारते. दोनशे बारा वेळा कोण उत्तर देत बसणार, म्हणून मीच लिहून ठेवलं होतं: हो.

म्हणजे प्रत्येक फायलीतला शेवटचा बदल आता आजचा, माझाच. फायलींची दुसरी प्रतही कुठे नव्हती.

"वहिनी, गुरुवार मीच पुसला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली.

चारला साहेब आले. मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे गुरुवारचं आता काहीच दिसणार नाही?"

"नाही, साहेब."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "असू दे रे. चुका होतात." मग वहिनीकडे वळून म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

त्या फायलीला हात कोणी लावला, ते आम्हा दोघांना त्या थापेतच कळलं. पण यादीत शेवटचा हात माझा होता.