पदवीची अंडी

आमच्याकडे शेवटची परीक्षा पास होऊन माणूस विद्यापीठाच्या दारातून बाहेर आला की घरचे लोक त्याला अंडी फेकून मारतात. वर पीठ ओततात, सॉस फासतात, आणि त्या अवताराचा फोटो आयुष्यभर भिंतीवर ठेवतात. माझा मोठा भाऊ दारिओ, त्याचा फोटो आमच्या जेवणघरात वीस वर्षं आहे. केसांतून बलक ओघळतोय आणि गडी हसतोय. अंडी आमच्याच कोंबड्यांची. आई ती आमच्या गावाहून, तोस्तादोहून, थेट त्याच्या विद्यापीठाच्या शहरापर्यंत, रोसारिओपर्यंत, बसमध्ये मांडीवर घेऊन गेली होती. मी गेले नव्हते. कोंबड्यांना दाणे कोणी घालायचे?

तो वकील झाला. आमच्या गावात वकिलाला डॉक्टर म्हणायची पद्धत आहे, आणि या डॉक्टरला त्याने अजून गुदगुल्या होतात.

मी वीज सहकारी संस्थेत बिलांच्या खिडकीवर बसते. गेली चार वर्षं खिडकी बंद झाली की घरी येऊन कॉम्प्युटरवर व्यवस्थापनाची पदवी करत होते. खाजगी विद्यापीठ, दरमहा फी. संस्थेत विभागप्रमुखाची जागा निघणार होती आणि तिला पदवी लागते. ती जागा मला हवी होतीच. पण खरं सांगायचं तर मला अंडी हवी होती.

शेवटची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. आधीच्या रविवारी अंगणात मांस भाजत होतं, तेव्हा मी ते सांगितलं. दारिओने हातातला चिमटासुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाला, एकूण किती पैसे घातलेस? मी आकडा सांगितला. त्याने शीळ घातली.

"सरकारी विद्यापीठ एक पेसो घेत नाही, यानिना. जे फुकट मिळतं ते तू हप्त्यावर घेतलंस. वॉशिंग मशीन घेतात तसं."

मग त्याचं भाषण सुरू झालं. असल्या पदवीला कोण विचारतं, मुलाखत घ्यायला तो असता तर तो कागद त्याने बाजूलाच ठेवला असता, वगैरे. "आणि शुक्रवारी पास होऊन बाहेर कुठून येणार गं? झोपायच्या खोलीतून?" असं म्हणून स्वतःच हसला.

फुकट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम या बहाद्दराने आठ वर्षांत उरकला. त्याच्या रोसारिओतल्या खोलीच्या भाड्यापायी बाबांनी स्वतःचा ट्रक विकला आणि मरेपर्यंत दुसऱ्याचा चालवला. मी शाळा संपली तशी खिडकीवर जाऊन बसले, कारण घरातून एकालाच बाहेर पाठवणं परवडत होतं आणि तो एक आधीच गेलेला होता. फी नव्हती हे खरं. बाकी सगळं होतं, फक्त ते त्याच्या खिशातून जात नव्हतं. दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारायच्या आणि वर तोंड करून म्हणायचं, उडी फुकट होती! माझ्या पदवीसाठी कोणाला काही विकावं लागलं नाही. माझी एक दाढ पडली ती मी बसवली नाही, एवढंच.

हे सगळं मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले. दारिओ शांतपणे म्हणाला की मी उगाच मनाला लावून घेतेय, तो फक्त पैशांचं मोल होतं की नाही ते बघतोय. मी आईकडे पाहिलं. तिने टोमॅटोवर मीठ भुरभुरलं आणि म्हणाली, "अंडी फार महाग झालीत हल्ली."

स्वतःच्या कोंबड्या असलेली बाई हे बोलली. मी ताट तसंच ठेवून उठले.

शुक्रवारी दुपारी मी वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे सरकवले, चांगला शर्ट घातला आणि खोलीचं दार लावून बसले. तीन प्राध्यापकांनी मला तासभर सोलून काढलं. एकीने माझी एक चूक पकडली, ती मी कबूल केली. शेवटी तिघंही अभिनंदन म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. खोलीत मी, पलंग आणि ओले कपडे.

अंगणात आले तर दारिओ उभा. दर शुक्रवारी तो आईकडून तीस अंड्यांचा ट्रे घेऊन जातो, अर्थातच फुकट. ट्रे नुकताच त्याच्या हातात पडला होता.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं. पास."

दारिओने माझ्या गालाला गाल लावला. "अभिनंदन. बघ, कपडेसुद्धा खराब झाले नाहीत."

मी त्याच्या हातातून ट्रे हिसकावून घेतला. तशीच घरातून चालत गेले, रस्त्याकडचं दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. गाव दुपारचं झोपलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिलं अंडं मी माझ्याच डोक्यावर फोडलं. मग दुसरं. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. तिसरं कपाळावर फोडलं तेव्हा मी रडत होते, पण दुःखाने नाही, संतापाने. दारिओ दारात येऊन दबक्या आवाजात सांगत होता की लोक बघतायत. बघू देत की. त्याच्या वेळी लोकांनी बघावं म्हणूनच तर आईला एवढ्या लांब बोलावलं होतं.

आई बाहेर आली. तिने माझ्या हातातला ट्रे काढून घेतला. मला वाटलं, उरलेली वाचवायला आली.

"स्वतःची स्वतः फोडायची नसतात," ती म्हणाली. "दारात उभी राहा. सरळ."

दारिओ बाजूला झाला. आई रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिने पहिलं अंडं फेकलं. सत्तरीच्या बाईच्या हातचं अंडं इतकं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. खांद्यावर, कानावर, छातीवर. ती हसत नव्हती. दात ओठ खाऊन फेकत होती, आणि मी सरळ उभी राहून एकूण एक अंगावर घेतलं. माझा राग गेला नाही. पण आता तो एकटीचा नव्हता.

ट्रे रिकामा झाला. दारिओने कसंनुसं हसत विचारलं, "आणि माझी अंडी, आई?"

आईने एप्रनला हात पुसले.

"तुझ्या वाटची रोसारिओलाच फोडली, डॉक्टर."