खुब्यातला नंबर

आमच्या फुलसावंगीत दुखण्याचे कागद कोणी घरात ठेवत नाही. ठेवले तं दुखणं वास काढत परत येते, म्हणते. म्हणून मी, दीडशहाणा पुंडलिकराव, बायकोची अख्खी फाइल होळीत टाकली. वरून नारळ फोडला. भागीरथा बाजूले उभी राहून टाळ्या वाजवून राह्यली होती.

कापसाच्या बंडीवरून पडून तिचा खुबा मोडलता. नागपूरच्या एका दवाखान्यात धातूचा गोळा बसवला. होळीपर्यंत बाई बिनकाठीची चालाले लागली. मंग कायले पाहिजे फाइल?

आठ वर्षं झाले त्याले. मागच्या दोन वर्षांपासून ठणका सुरू. उठता-बसता "माय वं!" करे. मी म्हणो, "नाटकं करू नको, वेचाईचे दिवस आहेत." म्हणलो ना मी असं! जीभ झडली पाहिजे माही. बोंडअळीनं कापसाची पराटी खाल्ली, वेचाले काही राह्यलंच नाही, तवा कुठं मले सवड भेटली न् तिले यवतमाळले नेलं.

तिथल्या डॉक्टर आभाबाईनं खुब्याचा फोटो काढला, रक्त तपासलं.

"काका, गोळा घासून झिजतोय. त्याचा धातू रक्तात उतरलाय. असे गोळे कंपनीनं कधीचेच परत मागवलेत. ज्यांच्या अंगात आहेत, त्यांचे बदलूनही देतात. फाइलीत स्टिकर असेल, त्यावरचा नंबर द्या."

"परत मागवले? आमाले तं कोणी सांगतलं नाही!"

"दवाखान्याला कळवलं असेल."

नागपूरले गेलो. दवाखान्याच्या जागी मंगल कार्यालय. आचारी बुंदी पाडून राह्यला होता. डॉक्टर कुठं गेला, कोणाले ठाव नाही. आभाबाईनं कंपनीले तीनदा लिहिलं. तिन्ही खेपा उत्तर एकच, नंबर पाठवा. घरचे पैसे घालून गोळा बदलाची आमची ऐपत नव्हती. त्याच्यात सात महिने गेले.

तवापर्यंत धातू तिच्या काळजापर्यंत पोचला. आभाबाई म्हणे, आता भूल सोसणार नाही, ऑपरेशन होत नाही.

"फाइल असती तं झालं असतं?" मी इचारलं.

"तेव्हा झालं असतं."

मी हात जोडले. "बाई, तो नंबर अजून कुठं तरी असनच ना!"

"गोळ्यावरच कोरलेला असतो, काका. पण तो आत आहे."

भागीरथा बाकावर बसून सारं ऐकून राह्यली होती. मले वाटलं, आता शिव्या देईन. द्याव्या, मी लायकच आहो त्याच्या. पण तिनं माह्या धोतराले लागलेली कुसळं काढली, एक एक करून. मंग म्हणे, "अवो, राख सावडाले येसान तवा चष्मा आणजा. तुमाले बारीक अक्षर दिसत नाही."