पापुद्रा गिऱ्हाइकाने काढायचा

गेले दोन महिने आमच्या घरात एक खोली जास्तीची आहे. ती टिल्लीने बांधली. टिल्ली म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. वय एकोणीस, उंचीने माझ्यापेक्षा वीतभर जास्त, तरी नाव टिल्लीच. खोली तिने कॉम्प्युटरच्या आत बांधली, आणि ती आमचीच खोली आहे, जशीच्या तशी. तेच लोखंडी कपाट, खिडकीची तीच निसटणारी कडी, खाटेखाली माझ्या सपाता, एक सरळ, एक उलटी. भिंतीवरची फ्रेमसुद्धा तिने सोडली नाही. बटणं दाबली की त्या खोलीत चालता येतं. दुपारचं ऊन खिडकीतून आत उतरतं, फरशीवरून सावकाश सरकतं आणि भिंतीवर चढायला लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाकून आधी खाटेखालच्या खऱ्या सपाता बघून घेतल्या.

"हा गेम?" मग मी विचारलं. "यात मारामारी कुठेय?"

"नाहीये मावशी. यात फक्त घरी यायचं असतं."

ताई तीन वर्षं परदेशातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिला सोमवारी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायची होती. येणार का म्हणून विचारलं की फोनवर म्हणायची, "बघू." ताईचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ, ठरलंय, पण सांगायला जीभ रेटत नाही. टिल्लीचं एकच म्हणणं होतं, सही करायच्या आधी आईने एकदा या खोलीत येऊन जावं. रविवारी दुपारी ताईला तासभर मोकळा मिळतो. खोली इकडच्या मशीनमध्ये उघडायची, चित्र तिच्या फोनवर पाठवायचं, आणि तिने तिकडून बोट फिरवत आत हिंडायचं. पण टिल्लीच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना. ऊन कपाटापर्यंत पोचलं की तो गोठायचा आणि आमची दुपार तिथेच अडकून पडायची.

तयार मशीनचा आकडा ऐकून मी आधी पाणी प्यायले. टिल्ली म्हणाली, सुटे भाग निवडून घरीच जोडू, निम्म्यात होईल.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," मी सुनावलं.

"अंथरूणच शिवतोय ना आपण," ती म्हणाली. या मुलीला उत्तरं कोण शिकवतं देव जाणे. बहुतेक मीच.

पार्टवाल्याचं दुकान म्हणजे बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि मधे चष्मा कपाळावर चढवलेला तो. दुपारची वेळ, वर पंखा घरघरतोय, बाकी आवाज नाही. मला तिथे झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

"काय करायचंय मशीनवर? गेम की चित्रं?" त्याने विचारलं.

"दोन्ही. माझ्याकडे ते एकच आहे," टिल्ली म्हणाली.

"मग मोठा घास ग्राफिक्स कार्डाला द्या. ऊन, सावली, भिंतीचा पोत, सगळं तेच काढतं. प्रोसेसर मधल्यातला चालेल. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. दोघांनी धरलं की ओझं लवकर उचलतं."

हे मला पटलं. मग टिल्लीची नजर एका कॅबिनेटवर गेली. बाजूला अख्खी काच आणि आत चार रंगांचे दिवे. ती विरघळलीच. मी काचेवर टिचकी मारली. वडिलांच्या माघारी वीस वर्षं फ्रेमचं दुकान चालवतेय, काच मला फसवत नाही.

"कडासुद्धा घासलेल्या नाहीत हिच्या. आणि किंमत बघ! नाकापेक्षा मोती जड. आई तुझी खोली बघायला येणार की हे दिवे?"

टिल्लीने मुकाट्याने काळं, साधं, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट उचललं. वाचलेल्या पैशांत गेल्या पिढीतलं पण एक पायरी वरचं ग्राफिक्स कार्ड बसलं. मग मला जोर चढला आणि पॉवर सप्लायही मी सर्वांत स्वस्तातला उचलला. पार्टवाल्याने तो माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतला.

"बाई, तुम्ही फ्रेमवाल्या ना? फ्रेम कितीही देखणी करा, भिंतीतला खिळाच कच्चा असेल तर?"

मी मान खाली घातली आणि चांगला घेतला. शेवटी कूलर. मशीन तासन्‌तास तापणार, तेव्हा प्रोसेसरच्या डोक्यावर दणकट पंखा हवाच म्हणाला. तोही घेतला.

शनिवारी दुपारी जोडायला बसायच्या आधी मला गल्ल्यावरच डुलकी लागली. स्वप्नात मदरबोर्ड एवढा मोठा झाला होता की त्यावर गल्ल्या होत्या, चंदेरी डबकी होती, आणि ताई हातात पिशवी घेऊन त्यातून चालत होती. प्रत्येक वळणावर थांबून विचारत होती, आपलं घर कुठलं गं? मी ओरडून सांगत होते आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. टिल्लीने हलवून उठवलं तेव्हा डोळे ओले होते. डोळ्यांत भुसा गेला म्हणाले.

बोर्ड, कार्ड, वायरी टिल्लीने बसवल्या. कूलर माझ्याकडे आला, कारण माझा हात स्थिर. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, वर कूलर ठेवला, स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आळीपाळीने पिळले, फ्रेमचे पिळते तसे. कूलरच्या बुडाला पारदर्शक पापुद्रा होता, त्यावर लाल अक्षरांत काहीतरी छापलेलं. मी त्याला बोट लावलं नाही. आमच्या दुकानाचा वडिलांपासूनचा नियम आहे, फोटोवर काचेऐवजी बसवतो त्या ॲक्रिलिकवरचा पापुद्रा आपण काढायचा नाही, गिऱ्हाइकाने काढायचा. म्हणजे ओरखड्यावरून कटकट नाही. न नेलेल्या फ्रेमवर पापुद्रा तसाच राहतो. घरात आहे तशी एक.

मशीन सुरू झालं. टिल्लीने मला मिठी मारली. ऊन कपाटापर्यंत गेलं आणि पुढेही सरकलं. तेवढं पाहून आम्ही मशीन लगेच बंद केलं.

रविवारी फोन लागला. "आले गं," ताईचा आवाज आला, आणि खोलीचं दार उघडलं. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला खटकन सगळं काळं! पुन्हा चालू केलं, पुन्हा दोन मिनिटांत काळं.

"काय झालं?" ताई तिकडून विचारतेय. "टिल्ली? राहू दे मग. पुढच्या वेळी बघू."

ते 'बघू' ऐकून टिल्लीचा चेहरा उतरला. "फोन ठेवायचा नाही!" मी ताईवर खेकसले. टिल्लीने कॅबिनेटमध्ये हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मावशी, कूलरखालचा पापुद्रा काढला होतास ना? तो राहिला की उष्णता अडते."

"तो तर गिऱ्हाइकाने..." मी म्हटलं आणि जीभ चावली. हात दाखवून अवलक्षण! वीस वर्षांचा स्थिर हात, आणि पोरीच्या मेहनतीत मीच माती कालवली. माझं मलाच रडू फुटलं. टिल्ली रागावली नाही, तेच जास्त लागलं. "रड नंतर," ती म्हणाली, "स्पिरिट आण." दुकानातलं काच पुसायचं स्पिरिट आणलं, जुनी पेस्ट पुसली, तो मेला पापुद्रा सोलून फेकला, नवी पेस्ट, पुन्हा चार स्क्रू. फोनवर ताई नुसती श्वास घेत होती. तिने ठेवला मात्र नाही.

अकरा मिनिटं उरली होती तेव्हा ती पुन्हा आत आली.

"अगं, ही कडी अजून दुरुस्त केली नाहीस?" ती हसली. "आणि सपाता बघ बाईच्या!" ती खिडकीशी गेली, खाटेशी रेंगाळली. ऊन तिच्याबरोबर सरकत होतं. भिंतीपाशी ती थांबली. त्या फ्रेममध्ये आम्ही दोघी आहोत, दुकानाच्या पायरीवर. ताई जायच्या आदल्या दिवशी मी तिच्यासाठी केली होती, आणि घाईत ती न्यायची राहिली.

"हा फोटो असा धुरकट का? टिल्ली, हा जमला नाही का तुला?"

"आई, तो तसाच आहे. मी फ्रेमसमोर बसून चितारलाय."

ताई फ्रेमच्या आणखी जवळ आली. मग, "तीन वर्षं पापुद्रा तसाच?"

"गिऱ्हाईक आलंच नाही न्यायला, मी काय करू?" मी ओरडले. आवाज चिरकला, पण आता थांबणं नव्हतं. "सही करायची तर कर, ताई. तुझी पोर मी सांभाळतेय, सांभाळीन. पण मला तुझी आठवण येते गं. आणि पुन्हा 'बघू' म्हणू नकोस, मला ऐकवत नाही."

पडद्यावर ऊन फ्रेमवर चढलं. धुरकट पापुद्र्यामागे आम्ही दोघी उजळलो. टिल्लीने माझा हात घट्ट धरला होता. ताई किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. मागून तिला कुणीतरी ड्यूटीला हाक मारत होतं.

"पापुद्रा काढू नकोस," ती म्हणाली. "गिऱ्हाईक मी आहे ना? मी येऊन काढते."

"कधी?" मी विचारलं.

ताई 'बघू' म्हणाली नाही. तिने तारीख सांगितली.