चकती लागल्यानंतर

मी गोलरक्षकाचा मुखवटा बोलतोय. फिनलंडच्या किनाऱ्यावरल्या एका गावात, आइस हॉकीच्या मैदानामागे प्रशिक्षकाच्या खोलीत खुंटीवर टांगलेला असतो.

माझा साचा वेइक्को लाहदेनपेराच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापून घेतला. ते वाळेपर्यंतच्या अंधारात तो घाबरला होता. पुढे तो नावाजलेला गोलरक्षक झाला, तरी प्रत्येक सामन्याआधी त्याचे दात वाजायचे. ते फक्त मला ऐकू यायचं. लोकांना दिसायचा माझ्यावर रंगवलेला लांडगा.

एका सामन्यात, या खेळात चेंडूऐवजी असते ती गोठवलेली रबरी चकती माझ्या कपाळावर आदळली आणि मला तडा गेला. वेइक्को उठला, त्याने हात हलवला, टाळ्या पडल्या. दुसरा मुखवटा चढवून त्याला पुन्हा उभं केलं. थोड्याच वेळात दुसरी चकती लागली. कित्येक महिने त्याला उजेड सोसेना, बायकोचं नाव आठवेना. खेळ सुटला. बरा झाल्यावर तो इथेच प्रशिक्षक झाला.

यंदा बाद फेरीत त्याने घडवलेल्या गोलरक्षकाला, इल्मारीला, डोक्याला चकती लागली. मध्यंतरात त्याला या खोलीत आणलं. तो हसत होता. मागोमाग क्लबचे अध्यक्ष रांताला आले. राखीव गोलरक्षक कच्चा आहे, याला उतरवावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं.

वेइक्को इल्मारीसमोर गुडघ्यांवर बसला. "कोण पुढे आहे रे?"

"आपणच की. एका गोलने."

"बघ, शुद्धीवर आहे," रांताला म्हणाले.

वेइक्को उठला नाही. जरा वेळाने इल्मारीनेच विचारलं, "कोच, आजची मॅच अजून सुरू कशी नाही झाली?"

मग रांताला हळूच म्हणाले, "आज हरलो, तर तुला ठेवणं माझ्या हातात नाही."

"नका ठेवू," वेइक्को म्हणाला. त्याचे दात वाजत होते. तो इल्मारीच्या स्केट्सच्या नाड्या सोडायला लागला.

आम्ही हरलो. वेइक्कोची नोकरी गेली. इल्मारी अजून अंधाऱ्या खोलीत पडून असतो. डॉक्टर म्हणतात, सुधारेल.

खोलीत आता नवा प्रशिक्षक आहे. भिंतीपलीकडे चकती आदळली, की मी कान लावून असतो. कोणी पडून हसत उठलंच, तर त्या हसण्यावर जाऊ नका. जरा वेळ त्याच्याजवळ बसा.