झुंबरबाईचा पंखा

"बंद कर ती गिरणी, मगन!" तोताराम दारातूनच ओरडला.

मगन गिरणीवाला उलट्या डब्यावर बसून विडी ओढत होता. त्यानं नुसती मान मागं वळवली. गिरणीचा पट्टा ढिला लोंबत होता. "नाना, दुपारपासून बंदच शे. तुमचे कान दाखवा एकदा कोणाला."

"कान तपासायला तू डॉक्टर आहेस का?"

"मग भूत धरायला तुम्ही भगत आहात का?"

गळ्यात बॅटरीवर चालणारी रेडिओची पेटी, डोक्यावर हेडफोन, हातात तार गुंडाळलेली लाकडी चौकट. सत्तेचाळीस सालच्या मे महिन्याच्या उन्हात, अशा अवतारात तोताराम आठ दिवस भुसावळच्या त्या गल्लीत फिरत होता. लोक हसणारच. चौकट वळवायची, आणि तिची कड जिकडं केल्यावर खरखर चढेल तिकडं चालायचं. काम एवढंच. पण त्याच्या बिनतारी संचात रोज साडेचारला उठणारी खरखर विजेच्या तारांवरून गल्लीभर पसरायची, आणि तोताराम भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा. सोमवारी शिंप्याशी भांडला, बुधवारी डॉक्टरांच्या कंपाउंडरशी. दोघांचीही माफी मागावी लागली, आणि माफी मागावी लागली म्हणून तो आणखीच तापला.

आज तर शनिवार. आज नाही सापडली तर संपलंच.

सव्वीस वर्षं तो आणि बन्सीलाल रेल्वेच्या तारऑफिसात एका टेबलाला समोरासमोर बसले होते. बन्सीलाल कराचीला गेला तेव्हा दोघांनी लायसन काढून घरीच बिनतारी संच बांधले. लढाईत सरकारनं ते बंद पाडले, गेल्या साली परत परवानगी दिली. शंभर जण कट्टकट्ट करत असोत, बन्सीलालचा हात, म्हणजे तारेची कळ दाबायची ढब, तोताराम झोपेतही ओळखायचा. परवा त्याचं कार्ड आलं. 'कराची सोडतोय. कुठं जाणार, ठाऊक नाही. शनिवारी संच देऊन टाकतो. त्याआधी पाच वाजता बोलावीन. असशील ना?'

असशील ना! असून काय करू? या खरखरीत स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

पाचला दहा कमी असताना चौकट एका दाराकडं वळली आणि हेडफोनमध्ये नुसता धिंगाणा झाला. दार झुंबरबाईचं. अगदी त्याच्या घरासमोरचं. म्हातारी एकटी, घरात विजेचा एकच दिवा. तिच्याकडं दुसरं विजेचं काय असणार, म्हणून आठ दिवस ते घर त्यानं सोडूनच दिलं होतं.

तो सरळ आत घुसला. खाटेवर धुतलेली चादर, उशी. उशाशी पाण्याचा तांब्या. खाटेवर कोणीच नाही, आणि त्या रिकाम्या खाटेकडं तोंड करून एक टेबलफॅन गरगरत होता. मागच्या भोकांतून निळ्या ठिणग्या उडत होत्या. मोटरीतला कार्बन आता पार झिजलेला.

"अक्का, बंद करा तो! आठ दिवस जीव खाल्ला माझा!" त्यानं दाराशेजारच्या बटनाकडं हात नेला.

झुंबरबाई मध्ये उभी राहिली. "हात नको लावू, नाना. मना भिकननी लायेल शे."

भिकन तिचा मुलगा. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये कामाला होता. भंगारातून आणलेला पंखा आईला जोडून दिला आणि लढाईवर गेला, ब्रह्मदेशात. बेपत्ता असा कागद येऊन तीन वर्षं झाली होती. त्याची ड्युटी साडेचारला सुटायची.

"उघडत नाही मी तो. फक्त दहा मिनिटं बंद ठेवा, पाचला माझा बन्सीलाल बोलावणार आहे," तोताराम म्हणाला.

"अन् त्या दहा मिन्टमाच मना भिकन उना तं? घामाघूम पोऱ्या. वारा नको का त्याले?"

तोतारामच्या तोंडाशी आलं होतं. कोण येतंय आता, अक्का? जिभेच्या अगदी टोकावर. त्यानं उशीकडं पाहिलं. उशीला खळगाच नव्हता. त्यानं हेडफोन गळ्यात उतरवले.

आरडाओरडा ऐकून त्याची बायको कमलबाई दारात आली होती. तिनं खुंटीवरचा ताडाच्या पानाचा हातपंखा काढला, खाटेशी उभी राहिली आणि वारा घालू लागली. "अक्का, तो येईपर्यंत मी घालते. तुम्ही बटन दाबा." मग नवऱ्याकडं वळून, "आणि तुम्ही बघत काय बसलाय? पळा!"

तो पळाला.

पाच. हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ. खूप लांब कुठलंसं जहाज बोलत होतं. मग कोणाचातरी घाईचा, कच्चा हात. बन्सीलालचा नव्हे. तोतारामनं आपली खूण तीनदा वाजवली. मी आहे. मी आहे. मी आहे. पाच मिनिटं. सात. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

दहा मिनिटं झाली. आता सुरू होईल खरखर, म्हणून त्यानं दात आवळले. झाली नाही. बारा. पंधरा.

त्यानं खिडकीतून पाहिलं. समोरच्या घरात कमलबाईनं पंखा या हातातून त्या हातात घेतला. झुंबरबाई दाराशी, एक हात बटनावर ठेवून त्याच्याकडंच बघत होती.

"उना का?" तिनं गल्लीपलीकडून विचारलं.

तोतारामनं मान हलवली. नाही.

"बस मंग वाट देखत, नाना," ती म्हणाली. बटनावरचा हात तिनं काढला, आत गेली, कमलबाईच्या हातातून पंखा घेतला आणि खाटेला वारा घालू लागली.