रिकाम्या खुर्चीतला माणूस

माणसाच्या मनात तुंबलेल्या रागाचा उगम त्याच्या आईवडिलांपाशी असतो, हा प्राध्यापक नामगुंग यांचा सिद्धान्त एकतीस वर्षांत कोणालाही खोडून काढता आला नव्हता. ज्यांना तो खोडता आला असता, ते सगळे त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट करत होते.

त्यांच्यापैकी प्यो दाग्यंग त्या गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतली एक रिकामी खुर्ची ओल्या फडक्याने पुसत होती. खुर्ची स्वच्छच होती. तिसऱ्यांदा पुसली जात असल्यामुळे ती स्वच्छ असणे भागच होते. पण बैठकीला दहा मिनिटे बाकी होती आणि हातांना काहीतरी काम हवे होते.

ती खुर्ची म्हणजे दाग्यंगची सात वर्षांची कमाई. मनोपचारात एक रीत आहे: माणसाला रिकाम्या खुर्चीसमोर बसवायचे आणि सांगायचे, ज्याच्याशी काही बोलायचे राहून गेले आहे तो समोर बसला आहे असे धरा आणि बोला. दाग्यंग बोलणाऱ्याच्या बोटाला चिमटा लावून नाडी मोजत असे. राग चढला की आकडा चढतो, मन मोकळे झाले की उतरतो. किती उतरतो, एवढेच तिला पाहायचे होते. कॉफीच्या कुपनावर विद्यापीठातले चाळीस संशोधक विद्यार्थी मिळाले. आता आया येतील, बाप येतील, रडारड होईल, म्हणून तिने कागदी रुमालांचे बारा डबे मागवून ठेवले.

आई सहा जणांची आली. बाप तिघांचा. एकाची जुनी मैत्रीण आली, एकीचा घरमालक. उरलेल्या एकोणतीस जणांनी खुर्चीत आपापला मार्गदर्शक बसवला. यंत्र विभागातला एक जण मार्गदर्शकाच्या मुलाचा शाळेचा प्रकल्प करून देण्याबद्दल अकरा मिनिटे न थांबता बोलला. दुसऱ्या एकाने खुर्चीला आधी कमरेतून वाकून नमस्कार केला आणि मग रागावायची परवानगी मागितली.

"ताई, प्रबंधाचं नाव बदला," पहिल्या वर्षाची सोल्बी तेव्हा म्हणाली होती. "'गुरुद्रोह: एक प्रायोगिक अभ्यास.' हातोहात खपेल."

दाग्यंगला हसू आले नव्हते, कारण आकडे भलतेच सुंदर होते. त्या एकोणतीस जणांची नाडी जितकी चढली तितकी कोणाचीच चढली नाही, आणि नंतर जितकी शांत झाली तितकीही कोणाची झाली नाही.

सोमवारी नामगुंग सरांनी मसुदा परत केला. समासात लाल शाईने लिहिले होते, की या एकोणतीस जणांना सूचना समजलेली नाही, सबब त्यांना वगळावे. वगळले तर उरतात अकरा. अकरा माणसांवर प्रबंध उभा राहत नाही, आणि नवी माणसे जमवायला वेळ नव्हता. नियमाप्रमाणे दाग्यंगचे हे शेवटचे सत्र होते. प्रबंध परीक्षकांकडे जाणार की नाही, हे सर आजच्या बैठकीत सांगणार होते.

बैठक सुरू झाली. नेहमीप्रमाणे गिंबापचे, म्हणजे शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या कोरियन भाताच्या सुरळ्यांचे, डबे उघडले गेले. दाग्यंग उठली आणि तिने पडद्यावर आकडा दाखवला. एकोणतीस. वगळलेला नव्हता, बारीक अक्षरातही नव्हता.

चघळण्याचे आवाज थांबले. त्या एकोणतिसांपैकी तिघे खोलीतच बसले होते. ते कोण, हे दाग्यंग कधीच कोणाला सांगणार नव्हती. पण तिघांनीही एकाच वेळी आपापल्या गिंबापकडे असे काही निरखून पाहिले, की सांगायची गरज उरली नाही.

सर चिडले नाहीत. त्यांना दया आली, आणि ते जास्त वाईट होते. दोष विद्यार्थ्यांचा नाही, सूचना देणाऱ्याचा आहे, असे ते म्हणाले. नीट सांगितले तर माणूस बरोबर आईबापांपाशी पोहोचतो. मग कोट काढून ते खुर्चीसमोर जाऊन बसले आणि त्यांनी बोट पुढे केले.

"लाव चिमटा. दाखवतो."

दाग्यंगने चाळीस जणांना वाचून दाखवलेली सूचना काना-मात्रा न बदलता वाचली. भिंतीवर सरांची नाडी उमटली: सत्तर.

"बाबा," सर म्हणाले. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावे तशा आवाजात त्यांनी सांगितले, की बाबा कष्टाळू होते, थोडे कडक होते, पण त्यांनी शिकवले. सत्तर. एकोणसत्तर. बाबांना सांगायचे ते बहुधा बाबा असतानाच सांगून झाले होते.

सर गप्प झाले. सोल्बीने यंत्र बंद करायला हात पुढे केला. दाग्यंगने तिचे मनगट धरून ठेवले. पन्नास सेकंद गेले.

"सर," नामगुंग म्हणाले.

त्या खोलीत सर म्हणण्याजोगे दुसरे कोणी नव्हते.

"सर, तुमच्या आई गेल्या तेव्हा तीन दिवस मी दारात बसून आलेल्यांचे बूट जोडीने लावत होतो. चौथं वर्ष होतं माझं तुमच्याकडे. तुमच्या पुस्तकातली तीन प्रकरणं माझी होती. तिसऱ्या दिवशी निघताना तुम्ही बूट घालता घालता मला विचारलंत, तू कोणत्या बाजूचा नातेवाईक?"

एकशे बारा.

"बूट छान लावलेस, असंही म्हणालात." त्यांनी खुर्चीच्या पायांकडे पाहिले. "छानच लावले होते."

आकडा खाली यायला लागला. शंभर, नव्वद, ऐंशी. अडुसष्टवर तो स्थिर झाला, म्हणजे सुरुवातीपेक्षाही दोनाने खाली. सरांनी चिमटा काढला, उठून कोट चढवला, गुंड्या लावल्या.

"किती?"

"एकशे बारा, सर. नंतर अडुसष्ट."

"मग लिही की." दारापाशी पोहोचल्यावर ते वळले. "एकोणतीस नाही, एकचाळीसपैकी तीस. आणि त्या लाल शाईवर काट मार. परीक्षकांना पत्रं उद्या जातील."

दार लागले. सोल्बी खुर्चीवर चढून नाचली. कोणत्या खुर्चीवर, ते सांगायला नको. संध्याकाळी सगळे निखाऱ्यांवर डुकराचे मांस भाजून खायला गेले आणि दाग्यंग कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. ते तिघे एकेक करून तिच्याजवळ आले, आदराने दोन्ही हातांनी बाटली धरून त्यांनी तिचा पेला भरला आणि ते जागेवर जाऊन बसले. बातमी रातोरात पसरली. दुसऱ्या दिवशी यंत्र विभागातून फळांची टोपली आली, पाठवणाऱ्याचे नाव नसलेली. जूनमध्ये पाचही परीक्षकांनी प्रबंध एकमताने मंजूर केला आणि तिसावा सहभागी कोण, असे एकानेही विचारले नाही.

छपाईआधी विद्यापीठाच्या नीती समितीने कागद तपासले. एकचाळिसाव्या सहभागीने प्रयोगापूर्वी संमतीपत्र भरलेले नव्हते. नियमाप्रमाणे ती नोंद वगळण्यात आली. छापील प्रबंधात चाळीसपैकी एकोणतीस आहेत.