खंडेनवमीचे ब्रेक

बाबांनी अट घातली आणि मी रागाच्या भरात ती मान्य केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं पुण्याचं विमान होतं. त्याआधी माझ्या बाइकचे पुढचे ब्रेक त्यांच्या डोळ्यांसमोर नीट लागले पाहिजेत. नाहीतर बाइक विकायची.

चूक माझीच. बुली पासचा घाट उतरताना ब्रेकची दांडी मऊ पडते, हे मी जेवताना बोलून गेले. सात वर्षं ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते, पण बाबांपुढे तोंड आवरायचं मला अजून जमत नाही. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "मयूरा, विकून टाक ती."

बाबांना मशीनची भीती नाही. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली त्यांनी. पण माझ्या बाइकचं नाव काढलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. इथे येऊन दीड महिना झाला तरी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आणि दिलेला शब्द फिरवायची आमच्या घरात पद्धत नाही.

दोन सुट्ट्या गॅरेजमध्ये गेल्या. दाबाने फुगणारे रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे बसवले, नवे पॅड घातले, ब्रेकचं ऑइल बदललं. मग पाइपात अडकलेली हवा काढायची: दांडी दाबायची, खालचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडा बाहेर आला की स्क्रू घट्ट करायचा, मग दांडी सोडायची. काम खरं दोघांचं. स्वयंपाकघरात बाबांचा खोकला ऐकू येत होता, पण मीही त्यांचीच मुलगी, हाक मारली नाही. शेवटी दांडी दगडासारखी घट्ट लागली. बाइक ढकलून पाहिली, दाबताच जागच्या जागी थांबली. मी एकटीच हसले.

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजचं दार वर केलं आणि थबकले. हॅंडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. बोल्ट आवळायचे माझे पाने ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळद-कुंकू आणि अक्षता. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मी शिफ्टला गेल्यावर बाबा इथे आले होते. माळ काढून ठेवली, बाइक बाहेर काढली आणि त्यांना हाक मारली.

ते पायरीवर उभे राहिले. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन वळले, सायकलच्या वेगाने परत आले आणि त्यांच्यासमोर ब्रेक दाबला. दांडी घट्ट, पण बाइक थांबेना. मागचा ब्रेक दाबेपर्यंत ती कडेच्या रिसायकलिंगच्या डब्यावर आदळली. डबा आडवा, बाटल्या रस्ताभर.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले. "आजच जाहिरात टाक."

मी चाकापाशी बसले. पाइप तपासले, बोल्ट तपासले. मग चाकाच्या दोन्ही बाजूंच्या त्या चकचकीत चकत्यांकडे लक्ष गेलं, ज्यांना आवळून पॅड चाक थांबवतात. त्यांच्यावर लालसर, तेलकट पट्टा उमटला होता. बोट लावून वास घेतला. खोबरेल! कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून बाबा ते तेलात कालवून लेथला लावायचे. लेथला तेल म्हणजे खुराक, ब्रेकला विष. त्यांच्या जुन्या स्कूटरचे ब्रेक चाकाच्या पोटात असायचे. ही चकती त्यांना शोभेची वाटली असणार.

एवढं साधं कळत नाही, बाबा? वाक्य अगदी ओठावर आलं. बोलले असते तर बाइक वाचली असती. वर बघितलं, तर बाबा पांढरेफटक पडून कठडा धरून उभे. आपल्या हातून लेक पडली असती, हे मनात घेऊन ते विमानात कसे बसणार?

"माझंच चुकलं," मी म्हणाले. "काम करताना ऑइल सांडलं असेल. टाकते जाहिरात."

रडू आलंच. मी घाईने डोळे पुसले. बाबा खाली आले, माझ्या गालाला लागलेला लाल डाग त्यांनी बोटाने पुसला, चिमटीत चोळला आणि नाकाशी नेला.

"हे तुझं ऑइल नाही." त्यांनी चकतीवरून बोट फिरवलं. "ब्रेक इथे, बाहेर असतो?"

"हो."

"आणि तू गाडी विकायला निघालीस!" ते फतकल मारून बसले. "फडकं दे."

दुपारपर्यंत आम्ही दोघं चकत्या क्लीनरने पुसत होतो. तेल प्यायलेले नवे पॅड फेकले, अर्धे शिल्लक असलेले जुने परत बसवले. प्रत्येक बोल्ट बाबांनी स्वतः आवळला. मी कोपऱ्यापर्यंत चार फेऱ्या मारल्या, ब्रेक छान लागत होते.

परत आले तर बाबा कुंकवाची कोयरी घेऊन उभे. चिमूट घेतलेला हात बाइकवरून नुसता फिरला. मग त्यांनी मला हेल्मेट काढायला लावलं आणि कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

"इथे चालेल ना?"

"चालेल की."

मघाशी डबा होता त्या जागी ते जाऊन उभे राहिले. "ये आता."

"बाबा, बाजूला व्हा."

"ये म्हणतो ना."

मी आले. थांबले तेव्हा चाक आणि त्यांच्या चपला यांच्यात हातभर अंतर होतं. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही, ते माझ्याकडे बघत होते.